गोळ्या की शस्त्रक्रिया : ठरवणार कोण?

पाळी चुकली, तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि हे मूल आता नको असे एखाद्या भगिनीने ठरवले, की तिच्यापुढे दोन मार्ग असतात. एक गोळ्यांचा आणि दुसरा दवाखान्यात जाऊन पिशवी रिकामी करून घेण्याचा. दिवस कमी असतील, जाणकार डॉक्टर असेल आणि बाईची प्रकृती पाहून निर्णय झाला असेल, तर दोन्ही मार्ग सुरक्षित आहेत. पण आमच्या वस्त्यांमध्ये, तांड्यांवर आणि वाड्या-पाड्यांवर हा निर्णय ती बाई घेतच नाही. तिच्या वतीने तो मेडिकल दुकानदार घेतो, डॉक्टर घेतो, सासू घेते, नवरा घेतो. आणि कोणीच घेतला नाही तर पदराला बांधलेले पैसे घेतात. 'हा बायकांचा विषय आहे' असे म्हणून चळवळीच्या व्यासपीठावर त्याची चर्चा होत नाही. म्हणूनच आम्ही तो आज येथे मांडत आहोत.

आधी कायदा पाहू, कारण कायद्याविषयीच्या अज्ञानातूनच निम्मी लूट होते. गर्भपात हा आपल्याकडे मूळचा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 312 व्या कलमात तो होता, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 88 व्या कलमात आहे. स्वतःचा गर्भपात स्वतः करणारी स्त्रीही या कलमाच्या कक्षेत येते, हे फार थोड्यांना माहीत असते. या गुन्ह्याला अपवाद म्हणून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. या कायद्याला आधार ठरलेली समिती महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली 1964 मध्ये नेमली गेली होती आणि 1966 मध्ये तिने अहवाल दिला होता. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे त्यामागचे मोठे कारण होते.

2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 24 सप्टेंबर 2021 पासून अमलात आली. आज 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. 20 ते 24 आठवड्यांपर्यंत ठरावीक गटातील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरले, हे कारण पूर्वी फक्त 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांच्यापुरते होते. आता तेथे 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आहेत. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क असल्याचे स्पष्ट केले. त्याआधी 2009 मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरवणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले होते. आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातील स्त्रियांच्या प्रकरणात हा हक्क कैदी स्त्रीलाही आहे, असा निर्णय दिला. गजाआडच्या बाईला जो हक्क आहे, तो वस्तीतल्या बाईला का मिळू नये?

आता संमतीचा मुद्दा. 18 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. सासऱ्याची लागत नाही. बापाची लागत नाही. पालकाची लेखी संमती लागते ती फक्त अल्पवयीन मुलीसाठी आणि मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. तरीही दवाखान्यात पहिला प्रश्न काय विचारला जातो? 'मालक कुठे आहेत? सही करायला घेऊन या.' या एका वाक्यामुळे किती भगिनी दवाखान्याच्या पायरीवरून माघारी फिरतात आणि सरळ मेडिकल दुकानाच्या काउंटरवर जातात! दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. बाईला मूल हवे आहे आणि घरचे लोक तिला न विचारता गोळ्या चारत आहेत, तर तो न्याय संहितेच्या 89 व्या कलमाखाली गंभीर गुन्हा आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे 'नको' म्हणण्याचा आणि 'हवे' म्हणण्याचा, दोन्ही अधिकार तिचेच आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळ्या की शस्त्रक्रिया?

गोळ्यांच्या पद्धतीत दोन औषधे असतात. पहिले मिफेप्रिस्टोन, जे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचे काम थांबवते. त्यानंतर एक ते दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, ज्यामुळे पिशवीला कळा येऊन गर्भ बाहेर पडतो. भारतात मिफेप्रिस्टोनला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटाला 2008 मध्ये. आजच्या नियमांप्रमाणे ही पद्धत 9 आठवड्यांपर्यंत, म्हणजे 63 दिवसांपर्यंत वापरता येते. हे दिवस संबंध आल्याच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे आहेत. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंतच चार आठवडे उलटलेले असतात. म्हणजे निर्णयासाठी हातात उरतात जेमतेम पाच आठवडे. ज्यांनी दोन महिने 'बघू पुढच्या वेळी येते का' म्हणून वाट पाहिली, त्यांच्यासाठी गोळ्यांचा रस्ता बहुधा बंद झालेला असतो.

ही पद्धत शंभरात सुमारे 95 ते 98 जणींच्या बाबतीत पूर्ण यशस्वी होते. भूल नाही, हत्यार नाही. घरी राहूनही होऊ शकते. पण ती एका दिवसात संपत नाही. पोटात जोराच्या कळा येतात, नेहमीच्या पाळीपेक्षा जास्त अंगावरून जाते आणि हे जाणे साधारण आठ ते तेरा दिवस चालू शकते. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून पिशवी पूर्ण रिकामी झाल्याची खात्री करावी लागते. उरलेल्या दोन-पाच जणींना नंतर पिशवी साफ करून घ्यावीच लागते. म्हणून ज्या डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या, त्याच्याकडे किंवा त्याने सांगितलेल्या ठिकाणी ही सोय आहे ना, हे आधीच विचारून ठेवले पाहिजे.

दुसऱ्या मार्गाला लोक शस्त्रक्रिया म्हणतात, पण त्यात पोट फाडणे नाही, टाके नाहीत. पातळ नळी पिशवीत घालून, हाताच्या सिरिंजने किंवा यंत्राने, आतील भाग ओढून घेतला जातो. 12 आठवड्यांपर्यंत ही पद्धत वापरतात. प्रत्यक्ष काम पाच ते पंधरा मिनिटांचे असते, बहुतेक वेळा जागच्या जागी भूल देऊन होते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. यश शंभरात 98 पेक्षा अधिक. पिशवीला इजा होण्याचा किंवा जंतुसंसर्गाचा धोका असतो, पण शिकलेल्या हातात तो फार कमी असतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे ज्याला सर्रास 'क्युरेटिंग' म्हणतात, म्हणजे धारदार चमच्यासारख्या हत्याराने पिशवी खरवडणे, ती पद्धत जुनी झाली असून तिच्याऐवजी ओढून घेण्याची पद्धत वापरावी, असे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे सांगत आहे. तरी अनेक ठिकाणी अजून खरवडणेच चालते. 'डॉक्टरसाहेब, तुम्ही कोणत्या पद्धतीने करणार?' हे विचारण्याचा बाईला अधिकार आहे. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

मग यातले चांगले कोणते? या प्रश्नाला एक उत्तर नाही आणि जो एकच उत्तर देतो त्याच्यापासून सावध राहावे. ज्या बाईला हत्यारांची, भुलेची भीती वाटते, जिच्या घरी चार दिवस विश्रांती मिळू शकते, दवाखाना जवळ आहे आणि दोन-तीन फेऱ्या मारणे शक्य आहे, तिला गोळ्या सोयीच्या. जिला एकाच फेरीत मोकळे व्हायचे आहे, जिचे दिवस नऊ आठवड्यांच्या पुढे गेले आहेत, जिला त्याच वेळी तांबी बसवून घ्यायची आहे, तिला दुसरा मार्ग सोयीचा. काही जणींना मात्र गोळ्या देताच येत नाहीत. अंगात रक्त फार कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल, रक्त न गोठण्याचा विकार असेल, रक्त पातळ करणारी औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असतील, तर गोळ्या धोक्याच्या आहेत. तांबी आत असताना दिवस राहिले असतील तर आधी ती काढावी लागते. आणि गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असेल, तर गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून बाई दगावू शकते. हे दुकानदाराला काउंटरवरून दिसते काय?

येथेच आमच्या समाजाचा प्रश्न उभा राहतो. गोळ्यांचे सर्वात मोठे आकर्षण म्हणजे 'घरच्या घरी, गुपचूप.' पण कोणाचे घर? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, संडास सार्वजनिक, पाण्याची वेळ ठरलेली. अशा घरात आठ-दहा दिवस अंगावरून जात असताना कसला आलाय गुप्तपणा? विश्रांती घेतली तर रोज बुडतो. उसाच्या फडावर तर याहून वाईट. कोपीत राहणाऱ्या कोयत्याला खाडा पडला की मुकादम दंड लावतो, त्यामुळे पोटात कळा येत असतानाही मोळी डोक्यावर घ्यावी लागते. याच ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला. एकट्या बीड जिल्ह्यात अशा 13 हजारांहून अधिक स्त्रिया आढळल्या, तेव्हा साऱ्या देशाने तोंडात बोट घातले. पाळी चुकली म्हणून खाडा नको, अंगावर जाते म्हणून खाडा नको, म्हणून पिशवीच काढून टाका, या टोकापर्यंत ज्या व्यवस्थेने बाईला नेले, त्या व्यवस्थेत 'तुला कोणती पद्धत हवी?' असे तिला विचारणार कोण?

आकडे काय सांगतात? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2015 या एका वर्षात भारतात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. त्यातले सुमारे 73 टक्के आरोग्य केंद्राबाहेर, गोळ्या घेऊन झाले. दवाखान्यात झालेले होते फक्त 22 टक्के. म्हणजे चारातल्या तीन बायकांनी कायद्याने आखलेल्या रस्त्याबाहेरचा मार्ग धरला. याचा अर्थ बायकांनी गोळ्या 'निवडल्या' असा कोणी काढत असेल, तर तो भोळा आहे. दुसरा दरवाजा बंद असताना जो उघडा आहे त्यातून जाणे याला निवड म्हणत नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे विकणे बेकायदेशीर आहे, पण चिठ्ठी देणारा शिकलेला डॉक्टर तालुक्याला आहे की नाही, हे कोणी पाहायचे?

यावर सरकारी उपाय काय झाला? 2012 मध्ये परळीचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्यात गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर आली. अनेक औषध दुकानदारांनी 'नको ती कटकट' म्हणून गोळ्या ठेवणेच बंद केले. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथील प्रकरणानंतर भीती आणखी वाढली. मुलगी म्हणून गर्भ पाडणे हा अपराधच आहे आणि त्याविरुद्ध आम्ही कायम उभे राहू. 1988 मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा याच महाराष्ट्राने केला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण थोडा विचार करा. गोळ्या घेण्याची मुदत 9 आठवडे आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे ओळखता येते साधारण 12 आठवड्यांनंतर. मग नवव्या आठवड्याच्या आतल्या गोळ्या रोखून लिंगनिवड कशी थांबणार? सोनोग्राफी यंत्रावरची चोरी पकडायची सोडून बाईच्या हातातले औषध काढून घ्यायचे, हा उलटा न्याय झाला. त्याने लिंगनिवड थांबत नाही. थांबते ते फक्त लवकर आणि सुरक्षित मोकळे होणे. दिवस वाढत जातात आणि बाई कोणा भोंदूच्या हाती सापडते.

काही समाजबांधव आणि उपासिकाही विचारतात, पहिल्या शीलाचे काय? प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला जखडतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. एखाद्या उपासिकेला तिच्या मनाने हे नको वाटत असेल, तर तिच्यावर कोणी दबाव आणू नये. तसेच तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचलेल्या, रक्त आटलेल्या, दारूड्या नवऱ्याच्या मारातून पोरे वाढवणाऱ्या बाईला शीलाचे नाव सांगून गप्प करणे ही करुणा नव्हे. प्रज्ञा आणि करुणा दोन्ही सोबत चालल्या पाहिजेत, आणि विचार तिचा तिने करायचा आहे.

हा विषय चळवळीचा नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही इतिहास दाखवू इच्छितो. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. 10 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचे विचार बाबासाहेबांचे होते. 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना लग्नाची घाई करू नका आणि फार मुले होऊ देऊ नका, असे सांगितले. ज्या काळात हे शब्द उच्चारणेही पाप मानले जात होते, त्या काळात आमचा बाप हे भर सभेत बोलत होता. आणि आज त्यांची लेकरे आपल्याच आई-बहिणीला दिवस राहिले तर खाली मान घालतात!

मग करायचे काय? पहिली मागणी सरकारकडे. सरकारी रुग्णालयाला गर्भपात केंद्र म्हणून वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही, कायद्यानेच ते मान्यताप्राप्त आहे. तेव्हा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि जिथे प्रशिक्षित डॉक्टर आहे त्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही पद्धती उपलब्ध असल्या पाहिजेत. गोळ्यांचा साठा आणि ओढून घेण्याची सिरिंज या काही चंद्रावरून आणायच्या वस्तू नाहीत. डॉक्टरांचे प्रशिक्षण झाले पाहिजे. 'फक्त बायकोची सही पुरते' असा फलक मराठीत दर्शनी भागात लागला पाहिजे. गर्भपात हवा असेल तर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करूनच घ्या, ही अट घालणे बंद झाले पाहिजे. कायद्यात तशी अट नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. गर्भपाताची नोंदवही हा गोपनीय दस्तऐवज आहे. बाईचे नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला 2021 च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने त्या माहितीत तिचे नाव-गाव देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या त्याच निकालात सांगितले आहे. हे माहीत नसल्यामुळे पालक पोरीला घेऊन आडमार्गाला जातात.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या हातातली. विहारांमध्ये, महिला मंडळांच्या बैठकांमध्ये, वर्षावासाच्या प्रवचनमालेत एक दिवस या माहितीसाठी द्या. आशाताईंना, नर्सबाईंना बोलवा. दिवस कसे मोजायचे, कोणाला गोळ्या चालत नाहीत, धोक्याची खूण कोणती, हे प्रत्येक भगिनीला पाठ हवे. तासाला दोन जाड पॅड भिजत असतील आणि सलग दोन तास असेच चालले असेल, एक दिवस उलटूनही ताप उतरत नसेल, घाण वास येत असेल, पोटात असह्य दुखत असेल, चक्कर येत असेल, किंवा दुसरे औषध घेऊन दिवस लोटला तरी अंगावरून काहीच गेले नसेल, तर थांबू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. चोरून गोळ्या घेतल्या असतील तरीही जा आणि काय घेतले ते खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने घरात रक्त सांडत बसण्यापेक्षा जीव वाचवणे महत्त्वाचे. पुढचे पाहायला आम्ही वकील मंडळी आहोतच.

आणि शेवटी पुरुष कार्यकर्त्यांना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशात सुमारे 38 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण होते अवघे 0.3 टक्के. गर्भ राहू नये याची जबाबदारी बाईची, राहिला तर पाडण्याचा त्रास बाईचा आणि निर्णय मात्र पुरुषाचा, ही वाटणी मनुस्मृतीतली आहे, संविधानातली नव्हे. जिला दवाखान्यात जायचे आहे तिच्या सोबत जा. बाहेरच्या बाकावर बसा. घरी आल्यावर चार दिवस पाण्याचे हंडे तुम्ही भरा. पण गोळ्या की शस्त्रक्रिया, हा प्रश्न डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर तिला देऊ द्या.

जयभीम!